आघात आणि आस : आवाज ताणायचा कसा?

शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. त्यांचा जन्म १९२३ चा. राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं आणि शाहिरांनी गायलेलं गीत २०२३ साली महाराष्ट्राचं राज्यगीत झालं, तेव्हा त्याची लांबी १ मिनिट ४१ सेकंद ठरली. त्यासाठी मूळ गाण्यातली दोनच कडवी ठेवली गेली. गाणं ठरावीक वेळात बसवण्याचा हा सरळ मार्ग आहे : काही गाळायचं आणि उरलेलं जसंच्या तसं ठेवायचं.

दुसरा मार्ग म्हणजे काहीच न गाळता सगळं दाबायचं किंवा ताणायचं आणि तरीही सूर जागचा हलू द्यायचा नाही. व्हॉट्सॲपवर कुणी लांबलचक बोलून पाठवलं की आपण ते दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकतो. ही सोय २०२१ मध्ये आली. बोलणारा घाईत वाटतो, पण त्याचा आवाज चिरका होत नाही. यूट्यूबवर एखादी तान अर्ध्या वेगाने लावली तरी गायकाचा षड्ज तिथेच राहतो. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही अवघड असेल असं वाटतही नाही. खरं तर सूर म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. तीच कंपनं जास्त वेळात पसरली तर सूर उतरायलाच हवा. तो उतरू नये म्हणून ॲप काय काय करतं आणि ते कुठे फसतं, हे पायरीपायरीने पाहू. संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर वाचता वाचता करूनही बघता येईल.

साहित्य

प्रयोगासाठी लागणारे आवाज गोळा करायला वाईत फार लांब जावं लागत नाही. गणपती घाटावर फोनवर तीन आवाज टिपता येतात : देवळातल्या घंटेचा एक टोल, पायरीवर धुणं आपटल्याचा आवाज आणि कृष्णेच्या पाण्याचा आवाज. चौथा आवाज तबल्याचा घ्या. पाचवा तुमचा स्वतःचा, एकाच स्वरावर धरलेला लांब 'आ'.

या पाचांचं वागणं वेगवेगळं आहे. धुणं आपटल्याचा आवाज म्हणजे निव्वळ आघात, आला आणि गेला. 'आ' म्हणजे निव्वळ आस, सुरुवात-शेवट सोडला तर मधला प्रत्येक क्षण आधीच्या क्षणासारखाच. घंटेत आधी आघात आणि मग लांबलचक आस. तबल्यात दोन्ही आहेत, पण खूप जवळजवळ. पाण्यात धड आघातही नाही आणि धरून ठेवलेला सूरही नाही. आवाज ताणण्याची प्रत्येक युक्ती यांपैकी एखाद-दोघांना मानवते, बाकीच्यांना मानवत नाही. पुढचं सगळं विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे.

लाटेतले ठिपके

ध्वनिमुद्रण उघडलं की पडद्यावर एक जाडजूड आडवी पट्टी दिसते. झूम करत गेलात की पट्टीची लाट होते. आणखी झूम केलं की लाट तुटते आणि ठिपके दिसू लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सॅम्पल, त्या क्षणी हवेचा दाब किती होता त्याची नोंद. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर असते. आस विरेपर्यंत चार सेकंद लागलेला घंटेचा टोल म्हणजे १,७६,४०० आकडे एका ओळीत. बाकी फाइलमध्ये काही नाही. घंटा नाही, घाट नाही.

ऑडॅसिटीत पेन्सिलीचं एक चिन्ह आहे. ते निवडून एकच ठिपका उचला, वर नेऊन ठेवा आणि ऐका. 'टक्' असा बारीक आवाज येईल. सेकंदातल्या ४४,१०० पैकी एक नोंद हलवली आणि कानाने ती पकडली. याचं कारण असं की लाटेत अचानक आलेली उडी एका सुराची नसते. तिच्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या कंपनसंख्या एकदम असतात, त्यामुळे ती मूळ आवाजात लपत नाही. जुन्या तबकड्यांवरची खरखर काढताना नेमकं याच्या उलटं करतात : उडी शोधायची आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांवरून मधले ठिपके अंदाजाने भरायचे. ऑडॅसिटीतला 'रिपेअर' हा पर्याय एका वेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पल असे भरून देतो. म्हणजे सेकंदाच्या हजारातले जेमतेम तीन भाग. त्याहून मोठं खिंडार अंदाजाने भरणं धोक्याचं असतं.

कापाकापीचा पहिला नियमही इथूनच निघतो. दोन तुकडे जोडताना एक तुकडा लाटेच्या माथ्यावर संपला आणि दुसरा तळाशी सुरू झाला, तर सांध्यावर तोच 'टक्' येणार. म्हणून लाट मधली रेघ ओलांडते तिथेच कापायचं. ऑडॅसिटीत निवड केल्यावर 'झेड' दाबलं की निवडीच्या कडा आपोआप जवळच्या अशा जागी सरकतात. तेही जमत नसेल तर सांध्यावर ५ मिलिसेकंदांचा, म्हणजे सुमारे २२० सॅम्पलचा चढउतार द्यायचा. एक तुकडा विरत जातो, दुसरा उमटत येतो आणि सांधा ऐकू येत नाही.

घंटेचं डोकं उडवल्यावर

आता घंटेच्या टोलातली सुरुवातीची १०० मिलिसेकंद, म्हणजे पहिले ४,४१० ठिपके कापून टाका. सांध्यावर हलकासा चढ द्या आणि उरलेलं कुणाला तरी न सांगता ऐकवा. घंटा आहे हे ओळखणं अवघड जाईल. हार्मोनियमचा किंवा एखाद्या फुंकवाद्याचा धरलेला सूर आहे असं वाटण्याचीच शक्यता जास्त. पिएर शेफर या फ्रेंच रेडिओ-अभियंत्याने १९४८ मध्ये पॅरिसमध्ये हाच प्रयोग तबकड्यांवर केला. घंटेचा आघात काढून टाकल्यावर तिची ओळखच हरवते हे त्याला दिसलं. पुढे ध्वनिमुद्रित आवाजांतूनच संगीत रचण्याची जी वाट निघाली, तिच्या मुळाशी असे प्रयोग होते.

यातून कळतं ते असं की वाद्याची ओळख बऱ्याच अंशी आघातात असते आणि सुराची ओळख आसेत. आघात संपूर्ण फाइलच्या मानाने नगण्य असतो, चार सेकंदांतला विसावा भागसुद्धा नसेल. पण तो बिघडला की सगळं बिघडलं. म्हणून ताणताना पहिला प्रश्न असा विचारायचा : यातला आघात कुठला?

तबकडीचा वेग

ताणण्याचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे वेग कमी करणं. संगणक हे कसं करतो? १०० आणि १४० अशा दोन शेजारच्या नोंदी असतील तर त्यांच्या मध्ये १२० ची एक नवी नोंद घालतो. सगळ्या ठिपक्यांच्या मध्ये अशी एकेक नोंद घातली की फाइल दुप्पट लांब होते. (प्रत्यक्षात दोनच नाही तर आजूबाजूचे अनेक ठिपके बघून मधला ठरवतात, तत्त्व तेच.) लाटेचा आकार बिघडत नाही. फक्त ती रुंद होते आणि म्हणून सूर बरोबर एक सप्तक खाली जातो.

ग्रामोफोनच्या काळात हा प्रकार नको असतानाही व्हायचा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये वारले. त्यांच्या तबकड्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाल्या आणि पुन्हा १९३० च्या दशकात निघाल्या. सुरुवातीच्या काळात प्रत्येक तबकडी मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होईल अशी खात्री नव्हती. ७८ ला मुद्रित झालेली तबकडी ८० ला वाजवली तर सगळं गाणं साधारण पाव स्वर चढतं, दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने. गायक मुळात कुठल्या पट्टीत गात होता हे अशा तबकडीवरून ठरवताना वेगाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तो सुटला की दुरुस्ती मात्र निर्दोष होते. वेग बदलताना आघात आणि आस एकाच प्रमाणात बदलतात, काही दुभंगत नाही. आपण यापुढे पाहणार आहोत त्यातली कुठलीच युक्ती इतकी प्रामाणिक नाही.

कौलं सरकवणं

सूर तसाच ठेवून लांबी वाढवायची कल्पना संगणकाआधीची आहे. डेनिस गॅबर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात तिची मांडणी केली. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात फेअरबँक्स आणि सहकाऱ्यांनी टेपवर, फिरती हेड वापरून, बोलणं दाबण्याचं आणि ताणण्याचं यंत्र मांडलं. आजची ॲप्सही पहिल्यांदा हाच विचार करतात.

आवाजाचे ४० मिलिसेकंदांचे, म्हणजे १,७६४ सॅम्पलचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर निम्मा चढलेला ठेवायचा. कौलारू छपरावर प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडं चढलेलं असतं, तसं. आता कौलं तेवढीच ठेवून चढण कमी केली तर छप्पर लांब होईल. इथेही तुकडे २० ऐवजी ३० मिलिसेकंद अंतराने मांडले की आवाज दीडपट लांब झाला. तुकड्याच्या आतली लाट कुणी रुंद केलेली नाही, म्हणून सूर तोच राहतो. दाबायचं असेल तर उलट, तुकडे जवळ ओढायचे.

अडचण सांध्यावर येते. तुमच्या 'आ'चा सूर २२० हर्ट्झचा असेल तर त्याची एक लाट साधारण २०० सॅम्पलमध्ये पुरी होते. सरकवलेला तुकडा शेजारच्या तुकड्यावर १०० सॅम्पलच्या फरकाने बसला तर एकाचा माथा दुसऱ्याच्या तळावर येतो, दोघं एकमेकांना मारतात आणि आवाज तेवढ्यापुरता बसतो. पुढच्या सांध्यावर कदाचित दोन्ही माथे जुळतील आणि आवाज फुगेल. ऐकायला हे कापऱ्या, घोगऱ्या आवाजासारखं लागतं.

उपाय सोपा आहे. तुकडा ठरल्या जागी डोळे मिटून ठेवायचा नाही. थोडं मागेपुढे सरकवून लाटेवर लाट नीट बसते ती जागा शोधायची आणि तिथे ठेवायचा. ब्रसेल्समधल्या फेरहेल्स्ट आणि रूलांट्स यांनी १९९३ मध्ये या पद्धतीला नेमकं रूप दिलं. ऑडॅसिटीतला 'चेंज टेम्पो' हा पर्याय याच कुळातला आहे. तुमचा 'आ' त्यातून दीडपट करून पहा, उत्तम ताणला जाईल. एकट्याचं बोलणं, एकटी बासरी, एकटा गळा यांना ही पद्धत मानवते, कारण त्यांच्यात लाटेची एकच ठरावीक लांबी असते आणि जुळणारी जागा सापडते.

गाण्यामागे तानपुरा, पेटी आणि तबला असेल तर प्रत्येकाची लाट वेगळ्या लांबीची असते. एकाशी जुळणारी जागा दुसऱ्याशी जुळत नाही. आणि धुणं आपटल्याचा आवाज ताणून पाहिलात तर निराळंच होतं. तो आघात शेजारच्या दोन तुकड्यांत सापडतो आणि तुकडे लांब सरकल्यावर दोनदा ऐकू येतो. एक फटका, आणि लगेच त्याचा जुळा भाऊ. तबल्यावरचा 'धा' असाच 'ध-धा' होतो.

कंपनसंख्या वेगळ्या काढणं

दुसरी मोठी पद्धत म्हणजे फेज व्होकोडर. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लॅनॅगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये ती मांडली. हिच्यात तुकडा सरळ चिकटवत नाहीत. आधी त्याचं पृथक्करण करून त्यात कुठल्या कंपनसंख्या किती जोराने आहेत ते काढतात. मग प्रत्येक कंपनसंख्येचा धागा वेगळा धरून तो हवा तेवढा लांबवतात आणि शेवटी सगळे धागे पुन्हा एकत्र करतात. प्रत्येक धाग्यावर लाट कुठे होती आणि पुढच्या तुकड्यात ती कुठे असायला हवी याचा हिशोब ठेवला जातो, त्यामुळे सांध्यावर माथा-तळ भिडत नाहीत. तानपुरा, पेटी आणि गळा एकत्र असले तरी चालतं.

इथे अडचण येते ती तुकडा किती मोठा घ्यायचा याची. ४४,१०० च्या हिशोबात २,०४८ सॅम्पलचा तुकडा घेतला तर तो ४६ मिलिसेकंदांचा होतो आणि पृथक्करणातल्या रेघा एकमेकींपासून २१.५ हर्ट्झवर पडतात. आता काळी एकच्या पट्टीत गाणारा पुरुषगायक समोर आणा. त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला, कोमल रिषभ सुमारे १४७ ला. तानपुऱ्याचा षड्ज चालू असताना तो भैरवचा रिषभ लावतो तेव्हा दोन्ही सूर एकाच वेळी हवेत असतात आणि त्यांच्यात अंतर आहे जेमतेम ८ हर्ट्झचं. २१.५ च्या चाळणीत ते वेगळे पडतच नाहीत. ८,१९२ सॅम्पलचा तुकडा घेतला तर रेघा ५.४ हर्ट्झवर येतात आणि दोघे वेगळे दिसू लागतात. पण तो तुकडा आता १८६ मिलिसेकंदांचा झाला. द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रा आणि एका मात्रेत चार बोल धरले, तर दर ६२ मिलिसेकंदांनी एक बोल पडतो. म्हणजे एका तुकड्यात 'तिरकिट'चे तीन बोल अडकले. पृथक्करणाला त्या तुकड्याच्या आत कोण आधी आणि कोण नंतर हे नीट उमजत नाही, आणि तबला सारवल्यासारखा होतो.

सूर बारकाईने पाहायचा तर वेळ धूसर होते, वेळ बारकाईने पाहायची तर सूर धूसर होतो. ही सॉफ्टवेअरची कमतरता नाही, तो गणिताचाच नियम आहे. गॅबरने १९४६ च्या निबंधात नेमकं हेच दाखवलं होतं. ॲप कितीही महागाचं घेतलं तरी हा सौदा चुकत नाही. फक्त कुठे झुकायचं ते ठरवता येतं.

घंटेवर हा सौदा कानाने ऐकता येतो. घंटेची आस नीट ऐकली तर तिच्यात बहुधा एक मंद डोल जाणवतो, आवाज भरतो, ओसरतो, पुन्हा भरतो. ओतकाम अगदी सगळीकडे सारखं नसल्याने घंटेतून फार जवळच्या दोन कंपनसंख्या एकदम निघतात आणि त्यांच्या भांडणातून हा डोल येतो. समजा तो सेकंदाला तीन वेळा येतोय. छोट्या तुकड्याने टोल दुप्पट ताणा. पद्धतीला दोन कंपनसंख्या वेगळ्या दिसत नाहीत, तिला फक्त चढउतार दिसतो, आणि तो चढउतारही ती दुप्पट ताणते. डोल सेकंदाला दीड होतो. आता अर्ध्या सेकंदाहून मोठा तुकडा घ्या. पद्धतीला दोन्ही कंपनसंख्या वेगळ्या दिसतात, ती दोन्ही जशाच्या तशा लांबवते आणि डोल सेकंदाला तीनच राहतो. एकाच घंटेची दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर.

आस लांबवल्यावर घंटेतले इतर सूरही मोकळे ऐकू येतात. वाईला लागून असलेल्या मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर १७०७ साल असलेली पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर ती मराठ्यांकडे आली. युरोपात ओतलेल्या चर्चच्या घंटांमध्ये मुख्य सुरासोबत त्याच्या साधारण १.२ पट कंपनसंख्येचा सूर असतो. तो मुख्य सुराला षड्ज मानलं तर कोमल गंधार. अशा कुठल्याही घंटेचं ध्वनिमुद्रण चौपट ताणून ऐकलं तर एरवी टोलाच्या भरात हरवणारा हा गंधार वेगळा काढता येतो. ताणणं हे नुसतं करामतीचं काम नाही, ऐकण्याचं साधनही आहे.

तबलजी काय करतो?

लय उतरवताना तबलजी काय करतो ते बघा. द्रुत एकताल सोडून विलंबित एकतालावर आला म्हणून त्याचं बोट चाटेवर हळू पडत नाही. 'धिं'चा आघात दोन्ही लयींत तेवढाच चटकन होतो. बदलतं ते दोन बोलांमधलं अंतर. आणि अंतर फार मोकळं वाटू लागलं की तो डग्ग्याचा घुमारा लांबवतो किंवा मधे भरणा करतो. आघात जपायचा, वेळ मधल्या जागेत घालायची.

रियाजासाठी तबल्याचं ॲप दोन प्रकारे बनवता येतं. एक, प्रत्येक बोल सुटा ध्वनिमुद्रित करून ठेवायचा आणि लयीनुसार योग्य क्षणी वाजवायचा. लय निम्मी केली तरी 'ना' तसाच खणखणीत राहतो. फक्त फार विलंबितात मधल्या जागा रित्या वाटतात, म्हणून तिथे भरण्याचे ठेके वेगळे द्यावे लागतात. दोन, वाजवलेला पूर्ण ठेका किंवा लेहरा ध्वनिमुद्रित करायचा आणि तोच ताणायचा. यात हाताचा डौल टिकतो, पण लय मूळच्या फार खाली नेली की आघात विस्कटतात. एखादं ॲप कसं चालतं हे ओळखायचं असेल तर लय अगदी तळाला न्या आणि 'तिरकिट'कडे कान द्या.

नवी सॉफ्टवेअर ठेका ताणतानाही तबलजीचंच अनुकरण करतात. लाटेत अचानक उसळी कुठे आहे ते आधी शोधतात, तिथली काही मिलिसेकंदं हात न लावता ठेवतात आणि दोन उसळ्यांमधली आसच तेवढी लांबवतात. २००१ मध्ये आलेल्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरने वाजवता वाजवता लय बदलणं लोकप्रिय केलं. त्यात ताणण्याच्या पद्धतींची नावंच बीट्स, टोन्स, टेक्स्चर अशी आहेत. आपल्या पाच आवाजांच्या भाषेत धुणं आणि तबला बीट्सकडे, 'आ' टोन्सकडे, कृष्णेचं पाणी टेक्स्चरकडे. घंटेच्या बाबतीत मात्र स्वतः ऐकून ठरवावं लागतं.

पट्टी बदलायची असेल तर

वेळ न बदलता सूर बदलणं हे याच यंत्राचं दुसरं टोक. काळी एकचा लेहरा काळी दोनला न्यायचा तर कंपनसंख्या १.१२ पट करायची. आधी लेहरा सूर न बदलता १.१२ पट लांब ताणायचा, मग तबकडीच्या रीतीने १.१२ पट वेगाने वाजवायचा. लांबी पुन्हा मूळची होते आणि सूर चढलेला राहतो.

यातही एक गोम आहे. गळ्याचा 'आ' हा 'आ' म्हणून ऐकू येतो तो मुखपोकळीच्या अनुनादामुळे, आणि तो अनुनाद सुराबरोबर वरखाली होत नाही. तुम्ही षड्जावर 'आ' म्हणा किंवा पंचमावर, तोंडाची पोकळी तीच. सॉफ्टवेअरने सगळंच १.१२ पट वर ढकललं तर पोकळीही लहान झाल्यासारखी होते आणि गाणारा पोरगेला वाटू लागतो. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये 'फॉर्मंट' जपण्याचा पर्याय असतो. अनुनादाचा साचा आधी मोजून ठेवायचा, सूर सरकवायचा आणि साचा पुन्हा जागच्या जागी चढवायचा.

वाद्यांनाही हेच लागू आहे. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या आवाजात भोपळ्याचा आणि लाकडाचा स्वतःचा अनुनाद असतो आणि घोडीवर साधलेल्या जवारीने त्यातले वरचे स्वर फुलतात. एका तारेचं एकच ध्वनिमुद्रण सगळ्या पट्ट्यांत सरकवलं तर पट्टीबरोबर भोपळासुद्धा लहानमोठा होत जातो. एक-दोन पट्ट्यांपर्यंत कान ते चालवून घेतो, त्यापुढे जवारी पत्र्यासारखी वाजू लागते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे निरनिराळ्या पट्ट्यांत खरोखर जुळवून प्रत्येक तार वेगळी ध्वनिमुद्रित करणं. ते खर्चाचं आणि वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही.

दहापट ताणलं तर

आतापर्यंत आपण दीडपट-दुपटीत होतो. काहींना मूळ आवाज ओळखू यायलाच नको असतो. लाइफ इंगे या नॉर्वेच्या कलावंताने २००२ मध्ये बेथोव्हनची नववी सिम्फनी चोवीस तासांत पसरवली. नास्का ऑक्टाव्हियन पॉल या रोमानियन प्रोग्रामरने २००६ मध्ये 'पॉलस्ट्रेच' बनवलं आणि आता ते ऑडॅसिटीतही आहे. उघडलं की त्यात दहापट ताण आणि पाव सेकंदाचा, म्हणजे ११,०२५ सॅम्पलचा तुकडा आधीच भरलेला दिसतो. लाटा जुळवण्याचा हिशोब त्यात मुद्दाम सोडून दिलेला आहे. कंपनसंख्यांचा जोर तेवढा ठेवायचा आणि त्यांच्या लाटा कुठे सुरू होतात ते फासे टाकून ठरवायचं.

त्यामुळे आघात संपतात. धुण्याचा फटका एक लांब निःश्वास होतो, चार सेकंदांचा टोल चाळीस सेकंदांचा धुंद सूर होतो आणि त्यात डोल शिल्लक राहत नाही. पाण्याचं मात्र वेगळं. दुरून टिपलेला नदीचा आवाज दहापट ताणूनही बराचसा नदीचाच वाटतो, कारण त्यातल्या लाटा मुळातच विस्कळीत होत्या. त्यांना आणखी विस्कटून बिघडण्यासारखं काही नव्हतं. जवळून टिपलेलं, बुडबुडे ऐकू येणारं पाणी मात्र वाऱ्यासारखं सपाट होतं, कारण प्रत्येक बुडबुडा हा एक बारीक आघात होता. आणि हेच पाणी कौलं सरकवण्याच्या पद्धतीने फार ताणलं तर तेच तेच तुकडे पुन्हा आल्याने त्यात धातूसारखा गुणगुणाट शिरतो. कुठलाच सूर नसलेल्या आवाजात पद्धतीने स्वतःचा सूर घातला.

हाताशी ठेवण्यासारखं

तान उतरवून घ्यायची असेल तर अर्धा वेग पुरतो. सेकंदाला आठ स्वरांची तान चारवर येते, प्रत्येक स्वर पाव सेकंद मिळतो आणि कान तो धरू शकतो. त्याहून खाली गेलात तर मुरकीतली मींड कुठली आणि पद्धतीने उमटवलेली लाट कुठली हे कळेनासं होतं. कार्यक्रमासाठी लेहरा ताणायचा असेल तर मूळच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत रहा. तबला आणि गाणं वेगळ्या ट्रॅकवर मिळत असेल तर दोन्हींना वेगवेगळी पद्धत लावा. प्रयोगाला फोनवर आलेली एमपीथ्री घेऊ नका. तिच्यातले बारकावे आधीच गाळलेले असतात आणि ताणल्यावर ती भोकं मोठी होऊन ऐकू येतात. शक्यतो वेव्ह फाइलमध्ये मुद्रित करा.

आणि मूळ फाइल वेगळी ठेवा. ताणलेल्या फाइलच्या नावातच पद्धत आणि गुणोत्तर लिहा, उदाहरणार्थ 'टोल-व्होकोडर-दीडपट'. वेग बदललेली तबकडी उलट्या वेगाने लावली की मूळ गाणं जवळजवळ जसंच्या तसं मिळतं. दीडपट ताणलेला टोल पुन्हा दाबून चार सेकंदांचा केला तर लांबी परत येते, ते १,७६,४०० आकडे परत येत नाहीत. मधे कुठला आघात राखायचा आणि कुठली आस लांबवायची याचे हजारो निर्णय पद्धतीने घेतलेले असतात आणि त्यांची नोंद फाइलमध्ये राहत नाही.